रोमचं पॉवर हाऊस आणि आपले अण्णा

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि दादा मधे बोलायला लागला की अर्धं राहून जातं, म्हणून लिहितेच. गुहागरला पाऊस धरलाय, वरच्या पाटात तारेवर फांदी पडली, लाईट काल रात्रीपासून नाही. आई, आमसुलं, फणसपोळी सगळं डब्यात भरलं, काळजी करू नको.

बाबा, मी ऑफिसच्या कामाला रोमला गेले होते तेव्हा तिथल्या पालिकेचं जुनं पॉवर हाऊस बघितलं, मोन्तेमार्तिनी नावाचं. शहराची वीज एका खासगी कंपनीच्याच हातात नको म्हणून पालिकेने १९०९ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९१२ ला टायबर नदीजवळ हे सुरू केलं. वाफेची टर्बाइनं आणि डिझेल इंजिनं दोन्ही, कारण बॉयलर तापायला वेळ लागतो, डिझेल लगेच लोड घेतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! १९३३ मध्ये फ्रांको तोसी कंपनीची दोन मोठी डिझेल इंजिनं बसवली, एकेक ७५०० हॉर्सपॉवरचं. ती अजून तिथेच आहेत बाबा, काळीभोर. १९६३ ला केंद्र बंद पडलं पण मोडीत नाही काढलं, १९९७ ला त्याच हॉलमध्ये जुने रोमन पुतळे मांडले, पांढरे संगमरवरी, आणि मागे ते इंजिन. लोक पुतळ्यांचे फोटो काढत होते, मी मात्र मीटरच्या पॅनलसमोर उभी होते आणि डोळ्यासमोर आपले अण्णा आजोबा.

आपल्या नगरपालिकेच्या पॉवर हाऊसात अण्णा काय करायचे ते तुम्ही लहानपणी सांगितलेलं मला अजून तसंच्या तसं आठवतं. आधी हवेची बाटली भरून ठेवायची, त्या दाबाच्या हवेने इंजिन फिरवायचं. चालू इंजिनाच्या जोडीला दुसरं जोडायचं असलं की दोन्हींच्या मधे लावलेल्या दिव्यांकडे बघायचं, दिवे मोठे होतात बारीक होतात, इंजिनाचा वेग थोडा कमी-जास्त करत राहायचा, ते सावकाश होऊ लागले की हात स्विचवर ठेवायचा आणि पूर्ण विझले की टाकायचा, चुकलं तर मशिनला केवढा हिसका बसतो. एवढं कसब, आणि त्याचा एक कागद नाही आपल्याकडे. १९६० ला वीज मंडळ झालं, १९६२ ला पोफळीला कोयनेची वीज सुरू झाली, मग हळूहळू गावागावातली डिझेल इंजिनं गेली, आपलंही भंगारात गेलं. नंतर तुम्हीच पोफळीला डोंगराच्या पोटात, पाण्याच्या झोताने फिरणाऱ्या पेल्टन टर्बाइनवर नोकरी केलीत, म्हणजे बापाचं इंजिन जिच्यामुळे बंद झालं ती वीज मुलाने बनवली. मला हे फार मोठं वाटतं. पण इंजिन बंद झालं त्या दिवशी अण्णा घरी येऊन काय बोलले, ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

तर एक काम करा. ठाण्याला आहात तोवर रोज थोडं लिहा, इंजिन कुठल्या कंपनीचं, किती सिलिंडर, पाणी कुठून घ्यायचे, रात्री किती वाजता बंद करायचे, पाळीला कोण कोण असायचं. आई, तुझंही लिही, अण्णांचे ऑइलचे कपडे तूच धुतलेस ना, ते डाग कशाने काढायचीस?

दादाकडून टाईप करून नको, बाबांच्याच अक्षरात हवं. वही आणि दोन पेनं कुरिअरने पाठवलीयेत, शुक्रवारपर्यंत मिळतील. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची,
सुमी