पाव, तलवार आणि चिंचणीचा ताम्रपट

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी आजच्या पालघर जिल्ह्यात एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतला एक मुलगा टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "एक धर्म विहिरीत पाव टाकून वाढला, दुसरा तलवारीने!" पहिला म्हणजे ख्रिस्ती, दुसरा इस्लाम. टाळ्यांचा कडकडाट झाला. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, त्यामुळे पहिला नंबर त्यालाच मिळाला. नंबर देणाऱ्या तिघांत मीही होतो. ते अजून खुपतंय, म्हणून हे पत्र.

पावाची गोष्ट आमच्याकडे घरोघर ऐकायला मिळते. पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला आणि सकाळी पाणी प्यायलेला अख्खा गाव बाटला! मला विचाराल तर या गोष्टीत पाद्र्यांपेक्षा शेजारीच जास्त दिसतात. नकळत पाणी प्यायलेल्याला परत घरात न घेणारे ते कोण होते, हे कुणी विचारत नाही.

त्या मुलाला निदान सुरुवात तरी नीट सांगायला हवी होती. येशूला रोमन अधिकाऱ्याने क्रुसावर चढवलं आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षं त्याच्या अनुयायांच्या हाती कुठलीच सत्ता नव्हती. 313 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली, 380 मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, आणि मग सत्ता काय करते तेही दिसलं. आठव्या शतकात फ्रँकांचा राजा शार्लमेनने जर्मनीतल्या सॅक्सन लोकांना बाप्तिस्मा दिला तो तलवारीच्या धाकानेच. इस्लामचं वेगळं झालं. मक्केत छळ सोसलेले पैगंबर 622 मध्ये मदिनेला गेले आणि तिथे स्वतःच राज्यकारभार पाहू लागले. 632 मध्ये ते वारले. पुढच्या शंभर वर्षांत अरबांचं राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत पोचलं. पण राज्य पोचलं म्हणून रयत लगेच मुसलमान झाली नाही. इजिप्त-इराणात त्याला कित्येक शतकं लागली. आज सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात आहेत आणि तिथे अरबांची फौज कधी उतरलीच नाही. गेले ते व्यापारी आणि सूफी.

श्रद्धांचंही तसंच. कुराणात मरियमच्या नावाचा आख्खा अध्याय आहे, ईसा कुमारीपोटी जन्मला हेही मान्य आहे. भांडण त्याच्या पुढचं. ख्रिस्ती म्हणतात तो देवाचा पुत्र, क्रुसावर मेला आणि उठला. मुसलमान म्हणतात तो पैगंबर, देवाला पुत्र नसतो, आणि त्याला क्रुसावर मारता आलंच नाही. इतकं जवळचं नातं आणि मुद्द्यालाच फारकत! वर्गात हे सांगितलं की पोरं कान टवकारून ऐकतात, हा माझा अनुभव.

आता मूळ मुद्दा, साहेब. हे शिकवायला रोम-मक्केपर्यंत जायची गरज नाही. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट काळातला एक ताम्रपट सापडला. शके 848, म्हणजे इसवी सन 926. त्यात संजाणच्या प्रांतावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी 'ताजिक', म्हणजे अरब आहे. नाव मधुमती, अभ्यासकांच्या मते ते मुहम्मदचं संस्कृत रूप. हा माणूस देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, जमीन देतो, लोकांसाठी फुकट होडी ठेवतो, अन्नछत्रात भात, कालवण आणि तूप वाढतो. हे गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांआधीचं! सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासी 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवतो, आणि ते आपलं कल्याण असावं असं बरेच जण मानतात. पोर्तुगीज गलबतं दिसायला तेव्हा जवळपास हजार वर्षं बाकी होती.

कडू भागही झाकू नका. 1321 मध्ये ठाण्यात काझीपुढच्या धर्मवादातून फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार साधू मारले गेले. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. त्याच गोव्यात 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापलं गेलं, आणि त्याच शतकात श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद मराठीत योगसंग्राम हा ग्रंथ लिहीत होते. मुलांना हे सगळं एकत्र झेपतं. झेपत नाही ते आपल्यालाच.

मागणी फार मोठी नाही. नवं पुस्तक नको, समिती तर अजिबात नको. पालघर, ठाणे, रायगडच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत त्या ताम्रपटाचं मोठं छायाचित्र आणि सोप्या मराठीत त्याचा अर्थ लावा. इतिहासाच्या शिक्षकांना वर्षातून दोन दिवस वसई, सोपारा, चौल पायी फिरवा. प्रशिक्षणाच्या नावाखाली सभागृहात बसवून पीपीटी दाखवू नका, तिथे सगळे डुलक्या काढतात, मीही काढल्यात. आणि स्पर्धांचे विषय देताना 'कोणता धर्म कशाने वाढला' याचा एका वाक्यात निकाल मागू नका.

त्या मुलाच्या प्रमाणपत्रावर माझीही सही आहे. त्याचा पत्ता शाळेतून मिळवला आणि गेल्या आठवड्यात त्याला ताम्रपटाचा अर्थ पोस्टाने पाठवला. तेच पान आपल्यालाही जोडतो आहे. होडीच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
जि. पालघर