मॉड्यूल गेलं म्हणे

प्रिय बाळ्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून चिडला असशील, तर चीड. पण हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? घरात विषय काढला की 'विकून टाक ती गाडी' एवढंच ऐकू येतं. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

गाडी मध्येच बंद पडते. स्टार्टर फिरतो, इंजिन उचलत नाही. तासाभराने मात्र सुरू, जशी काही साळसूद! स्कॅनरवर कोड यू०१००, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, ईसीएम मॉड्यूलशी, गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलांचं बोलणं बंद. गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितलं, "ईसीएम गेला, बदला."

तू गप्प बसला असतास? बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मीटर लावला. ६० ओहम! म्हणजे समांतर जोडलेले १२० ओहमचे दोन्ही रेझिस्टर जागेवर, मॉड्यूलं ज्यावरून बोलतात ती कॅनची लाइन तुटलेली नाही. मग डॅशबोर्डखाली उताणा घुसलो, पाय दाराबाहेर. (नाना असते तर फोटो काढून गावभर वाटला असता.) कनेक्टरचा लिव्हर उचलून ओढला, तर कोपऱ्यातल्या दोन पिनांवर हिरवट पूड, आणि वायरिंगची टेप बोटाला ओली लागली. वायपरखालच्या जाळीतलं पाणी हार्नेस धरून थेट मॉड्यूलपर्यंत उतरतंय. त्या दोनांतली एक पिन अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वायरची!

आता सांग, मॉड्यूल मेलंय, की बिचाऱ्याला अर्थच मिळत नाहीये? मीटरवर अर्थ ठीक दिसतो, पण मीटर करंट घेतो कुठे? खराब जोड लोड आल्यावरच उघडा पडतो. नुसतं नवं बसवलं तर पाणी त्याच वाटेने येणार. शिवाय त्यात चॅसिस नंबर भरायचा, चोरी रोखणारा इमोबिलायझर किल्लीशी जुळवायचा. एकदा जुळवल्यावर ते परत घेतो कोण? भंगारातलं जुनं आणावं, तर ते आपली किल्ली ओळखणार नाही. झोप उडाली आहे रे.

टेपरेकॉर्डरच्या वेळीही तू 'आयसी गेला, आयसी गेला' म्हणून नाचत होतास आणि निघाला होता सुटलेला टाका. अजून कबूल केलेलं नाहीस, लक्षात आहे माझ्या.

चिंगीच्या परीक्षेचं काय झालं? बदली रद्द झाली ना? वहिनींना नमस्कार.

रविवारी ये. येताना तुझा तो २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट आण, त्या अर्थवर लोड टाकून बघू. तोवर गॅरेजवाल्याला मी थोपवून धरतो.

तुझाच,
विज्या