रविवारची रिंग माउंटनची फेरी : येण्याआधी एवढं वाचाच

मंडळी, रविवारी सकाळी ८ वाजता पायथ्याशी जमायचं ठरलंच आहे. त्याआधी एक कळकळीची विनंती.

टिब्युरॉन मॅरिपोसा लिली या रानफुलाचा हा बहराचा काळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेची ही एक टेकडी सोडली तर जगात दुसरीकडे कुठेच ती आपणहून उगवत नाही. १९७१ पर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञांना तिचा पत्ताही नव्हता! या टेकडीवर सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकाची माती आहे; तिच्यात कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम आणि निकेल जास्त. बहुतेक झाडं तिथे तग धरत नाहीत. हिने मात्र तिथेच घर केलंय. १९९५ पासून अमेरिकी सरकारच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे.

फूल चटकन दिसत नाही. हिरवट-पिवळ्या पाकळ्या, त्यांवर तपकिरी रेघा आणि बारीक केस. वाळक्या गवतात बेमालूम मिसळून जातं. गेल्या वर्षी आपल्यातल्याच एकाने फोटोसाठी गुडघा टेकला आणि शेजारची कळी चिरडली. फार वाईट वाटलं. बी रुजल्यापासून फूल यायला कितीतरी वर्षं जातात हो!

म्हणून पायवाट सोडू नका, मुलांचा हात धरा, कुत्रा पट्ट्यातच ठेवा. घरून निघताना बुटांचे तळवे घासून या, म्हणजे बाहेरच्या गवताचं बी वर जाणार नाही. एकही फूल तोडायचं नाही, अगदी देवाला वाहायलासुद्धा. आणि फोटो जरूर टाका, पण नेमकी जागा सांगू नका. कंद उकरणाऱ्याला आपण वाट दाखवायला नको.

पाणी आणि टोपी आणा, वर सावली नाही.