नवी इंजिने आली, पायलॉन कुठे आहेत? विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या विमानांना नवी इंजिने बसवून ती आधी मालवाहतुकीत आणि मग प्रवासी सेवेत आणण्याची घोषणा आपण केलीत, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही देखभाल अभियंतेही होतो. परवा फाइल परत आली. पायलॉन (इंजिन पंखाला धरणारा सांगाडा), काउलिंग (इंजिनावरचे झाकण) आणि चाचणी उड्डाणांच्या खर्चापुढे शेरा आहे: ‘केवळ इंजिनबदल असल्याने स्वतंत्र तरतुदीची आवश्यकता नाही.’

केवळ! शेरा मारणाऱ्या विद्वानांनी इंजिन पंखाला कशाने धरलेले असते ते एकदा तरी पाहावे. नवे इंजिन रुंद आणि जड. जुन्या पायलॉनचे माउंट त्याला जुळत नाहीत. पंखावरचे भार बदलतात, म्हणून फ्लटरचे, म्हणजे पंखाच्या धोकादायक थरथरीचे गणित नव्याने मांडून जमिनीवरच्या कंपन चाचणीत पडताळावे लागते. इंजिन पुढे सरकले की गुरुत्वमध्यही सरकतो. जुन्या डीसी-३ विमानाचे नव्या इंजिनांचे बीटी-६७ करताना पंखापुढे सुमारे १ मीटरचा तुकडा उगाच नाही घातला. जोर वाढला की एक इंजिन बंद पडल्यावर नाक एका बाजूला जास्त ओढले जाते. किमान नियंत्रणवेग (विमान सरळ राखता येईल असा सर्वांत कमी वेग) पुन्हा मोजायचा आणि रडर (शेपटीवरचे सुकाणू) अपुरे पडले तर शेपूटच मोठी करायची. कॉन्वेअर ५८० विमानाला ती करावी लागली. तीन इंजिनांच्या बोइंग ७२७ला जेटी८डी-२०० मालिकेची इंजिने दिली, तीही बाजूच्या दोनच जागी. मधल्या इंजिनाला हवा नेणाऱ्या एस-आकाराच्या वाहिनीत तेवढा रुंद पंखा मावेना, म्हणून तिथे जुनेच ठेवले.

७३७चे तर विचारूच नका. सीएफएम५६-३ इंजिनासाठी त्याचा पंखा ६० इंचांवर आणला, गिअरबॉक्स खालून बाजूला नेला, तेव्हा कुठे इंजिन जमिनीपासून सुटले. पुढे ७३७ मॅक्सला आणखी मोठे इंजिन हवे झाले. ते पुढे आणि वर सरकवले, नाक वर उचलण्याची खोड सॉफ्टवेअरवर सोपवली आणि ते सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या भरवशावर ठेवले. २०१८ आणि २०१९मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. तिथेही कोणाला तरी वाटलेच असेल, इंजिनच तर बदलतोय.

डीसी-८चे जमले. ११० विमानांना सीएफएम५६-२ बसले, कारण इंजिन, नॅसेल (इंजिनाभोवतीचे कवच) आणि पायलॉन असा अख्खा संच एकत्र प्रमाणित झाला होता. आमच्याकडे इंजिने एका खात्याने घेतली, पायलॉन दुसऱ्याकडे, प्रमाणन तिसऱ्याकडे, आणि तिघांचा आपसात पत्रव्यवहार टपालाने! फाडेकच्या (इंजिनाच्या संगणकीय नियंत्रणाच्या) वायरिंगचे, ईपीआरऐवजी (इंजिनातल्या दाबांच्या गुणोत्तराऐवजी) एन१ (पंख्याचा वेग) दाखवणाऱ्या घड्याळांचे, ब्लीड (इंजिनातून काढून घेतलेल्या) हवेच्या जोडण्यांचे, आगसूचक लूपचे नाव एकाही निविदेत नाही.

बचतीचे आकडेही आपल्याला कोणी भलतेच दिलेत. इंधन वाचते ते उडालेल्या तासांवर. रोज ४ तास उडणारे मालवाहू विमान १० तास उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या ४० टक्केच वाचवणार, इंजिनाची किंमत मात्र तीच. आणि जे सर्वांत जास्त उडाले, त्याच्या सांगाड्याला झेपणारे उड्डाणांचे फेरे संपत आलेले. म्हणून उरलेले फेरे मोजून विमाने निवडा आणि डी-चेकला, म्हणजे विमान उघडून होणाऱ्या मोठ्या तपासणीला, अंगावरचे पत्रे काढलेले असतानाच पायलॉन लावा, असे आम्ही लिहून दिले होते. उत्तर आले नाही. उद्या वेळापत्रक कोलमडले की हँगरमध्ये खुलासा मागायला मात्र लगेच कोणीतरी येईल. या व्यवस्थेत सही करणारा कधी चुकत नाही, पाना धरणारा चुकतो.

इंजिने स्टँडवर, बाष्परोधक आवरणात उभी आहेत. आतले आर्द्रतेचे कार्ड निळ्याचे गुलाबी होऊ लागले आहे. शोषक पिशव्या वेळेत बदलल्या नाहीत तर बेअरिंगला गंज धरेल, आणि हमीची मुदत आवरणातही चालूच असते.

पायलॉनची तरतूद, एक चाचणी विमान आणि प्रमाणनाच्या अटी आधी लेखी, एवढे तीन कागद द्या. ते जमणार नसेल तर इंजिने विकून टाका. आज त्यांना गिऱ्हाईक मिळेल.

आपले,
हँगरमधले देखभाल अभियंते