एचआयव्हीच्या बातमीत चाचण्यांचाही आकडा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की 'जिल्ह्यात इतके नवे एचआयव्हीबाधित' ही बातमी ठरलेली असते. आपल्या दैनिकातही येते. बाधितांचा आकडा ठळक असतो, पण तो किती जणांच्या तपासणीतून निघाला, हे बहुतेक वेळा नसतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली, म्हणून हे मनाला लागतं.

समजा, एका वर्षी १०,००० जण तपासले आणि ५० बाधित निघाले. पुढच्या वर्षी २०,००० तपासले, ७० निघाले. बातमी म्हणेल 'वाढ'. खरं तर प्रमाण ०.५० वरून ०.३५ टक्क्यांवर आलं. टाळेबंदीच्या काळात याच्या उलट झालं. तपासण्याच कमी झाल्या, साहजिकच बाधितही कमी सापडले. त्यावरून संसर्ग ओसरला असं कसं म्हणायचं?

शिवाय हा आकडा तपासणी जिथे झाली तिथला असतो. पांढरकवड्याकडचा माणूस आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, कोणी ओळखीचं भेटेल या धास्तीनं नागपूरला जातो, नाहीतर सीमेपलीकडे आदिलाबादला. आमचा भाग नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा. ट्रकवर जाणारे, वीटभट्टीवर जाणारे, चार-सहा महिने गावाबाहेर असणारे पुष्कळ. त्यांची नोंद कुठे होते हे पाहिल्याशिवाय तालुक्याचं चित्र समजत नाही.

संसर्गाचा कल पाहण्यासाठी वेगळी पद्धत आहे. तिला सेंटिनेल सर्वेक्षण म्हणतात. देशात १९९८ पासून ते दरवर्षी होत असे, २००८ नंतर दर दोन वर्षांनी होतं. ठरलेल्या दवाखान्यांत तीन महिन्यांत ओळीनं येणाऱ्या ४०० गरोदर बाया घेतात आणि तपासणीच्या नमुन्यावर नाव नसतं. पण ४०० मध्ये एक सापडली की ०.२५ टक्के, दोन सापडल्या की थेट ०.५०. म्हणून एका फेरीवरून 'दुप्पट झाला' अशी हेडलाइन करू नये, चार-पाच फेऱ्या शेजारी ठेवून बघाव्या. आणि प्रसूतीसाठी खाजगीत जाणाऱ्या बाया आणि बाहेरून परतलेले पुरुष यात येत नाहीत, हेही लिहावं.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच हे पत्र. काही वर्षांपूर्वी एका पेपरात आमच्या भागातल्या एका लहान गावाचं नाव बाधितांच्या संख्येसह छापून आलं. हजार-बाराशे वस्तीचं गाव, तिथे दोन जण कोण हे शोधायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, गावाचं नाव पेपरात आलं, आता आमच्या पोरीले कोन करून घेईन?" पुढे कितीतरी महिने लसीकरणाच्या दिवशी त्या गावच्या गरोदर बाया तपासणीसाठी रक्त द्यायला तयार होत नव्हत्या. आईला वेळेवर औषध मिळालं आणि बाळालाही दिलं, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली येते. औषध नसेल तर ती तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही जास्त असते. त्या एका बातमीनं कोणाची तपासणी राहिली असेल, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

बाधितांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय उघड करू नये, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. नाव न छापता फक्त गाव छापलं तरी लहान वस्तीत ओळख उघड होतेच.

म्हणून विनंती आहे की यंदाच्या बातमीत बाधितांच्या आकड्याशेजारी चाचण्यांचा आकडा द्या, मागच्या चार-पाच वर्षांचे दोन्ही आकडे द्या, आणि जिल्ह्याच्या खाली, तालुका-गावापर्यंत, जाऊ नका. जागा उरली तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक ठळक छापा. तो गावातल्या पोरांना अजून माहीत नाही.

एक निवृत्त आरोग्य सेविका,
केळापूर तालुका, जि. यवतमाळ
(माझ्याकडे तपासणीला आलेल्या बायांसाठी माझंही नाव छापू नये.)