गड्ड्यावरच्या प्रश्नाचं उत्तर

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय मित्रा,

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीतून सुटून आपण सिद्धेश्वर तलावाच्या काठी टेकलो, तेव्हा तू काकूंच्या कर्करोगाचा विषय काढलास. "आपल्याच पेशी आपल्यावर उलटतात कशा रे?" मी म्हणालो, पेशींचं सहकार्य बिघडतं. ते उत्तर मला तेव्हापासून बोचतंय. खरं कोडं उलट बाजूने आहे: एकेकाळी एकट्यानं जगणाऱ्या पेशी मुळात एका शरीरात नांदायला लागल्या कशा?

"शरीराच्या भल्यासाठी" म्हणणं सोपं. पण नैसर्गिक निवडीला उद्याचं दिसत नाही. एक पेशी झिजली आणि शेजारीण आयतं खाऊन वाढली, तर पुढे आयतोबांचीच पिलावळ उरणार.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला फार आवडतो. बेकरीतलं यीस्ट द्रवात वाढवायचं, रोज थोडा वेळ नळी स्थिर ठेवायची आणि तळाशी लवकर बसेल तेवढंच पुढे वाढवायचं. ६० दिवसांत हिमकणांसारखे पुंजके तयार झाले! आणि ते परक्या पेशी गोळा होऊन झाले नव्हते. विभाजनानंतर लेक आईपासून सुटलीच नव्हती. सगळं एकच रक्त. मधली एखादी पेशी मेली की तिथून फांदी तुटते, नवा पुंजका सुरू होतो. मेलेलीची जनुकं बहिणींमधून पुढे जातातच.

आपलंही तसंच. प्रत्येक माणूस एका पेशीपासून सुरू होतो, आणि यकृताची पेशी कितीही फोफावली तरी तिला नातवंडांपर्यंत वाट नाही. ती वाट फक्त बीजपेशींना, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणूंना. स्वतःपुरतं वाढण्यात कायमचा लाभच उरला नाही, म्हणून शरीर टिकलं.

मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांची, गोष्ट वेगळी, ते परकेच. दुसऱ्या पेशीत शिरलेले जिवाणू. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे ठामपणे मांडलं. आज माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात स्वतःची जनुकं उरलीत फक्त ३७. बाकीची हरवली किंवा केंद्रकात गेली, त्यामुळे बाहेर पडून जगणं आता अशक्य.

पण नातवंडांची वाट बंद असली, तरी एका आयुष्यापुरतं फोफावता येतं, म्हणून पहारा लागतो. पी-५३ नावाचं जनुक बिघडलेल्या पेशीला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. अनेक कर्करोगांत नेमकं तेच मोडलेलं असतं. काकूंचं काही चुकलं नाही, खाण्यात नाही की कष्टात नाही. त्या सारखं तसं म्हणतात ना, त्यांना हे एवढं नक्की सांग.

केमोची पुढची तारीख कळव, मी रजा टाकतो. शेंगाचटणी त्यांना आता सोसणार नाही. ही ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून देते म्हणाली आहे.

तुझाच,
मित्र