कापूस गेला अन् आवाज बिघडला: पुलगावच्या काकांना जाहीर आभारपत्र

काका, सादर नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका म्हणते. पुलगावात रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ओळखणारे ओळखतीलच. तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल. जाहीर लिहितेय ते एवढ्यासाठी, की मागच्या मार्चमध्ये आमचे बरेच पैसे चुकीच्या वस्तूवर जाणार होते आणि तुम्ही ते वाचवलेत. तसेच पैसे हातात घेऊन दुकानाकडे निघालेलं आणखी कुणीतरी आर्वीत, कारंज्यात, यवतमाळात असणारच.

आमची ती खोली तुम्ही पाहिलीच आहे. १२ बाय १०, छत साडेनऊ फुटांवर, शहाबादी फरशी. दिवाळीपासून तिच्यात कापूस असतो, भाव वाढेल या आशेवर कधी फाल्गुनापर्यंत. शाळेतून आल्यावर रात्री तासभर मी तिथंच गाणं ऐकते. लांब भिंतीशी दोन जुने स्पीकर, समोरच्या लांब भिंतीशी छातीइतका कापसाचा ढीग, आणि ढिगाच्या पुढ्यात माझी गादी. हिवाळाभर तंबोरा असा स्वच्छ लागायचा की जवारीचा, तारेच्या त्या झणझणीचा, कण अन् कण मोजावा.

मार्चमध्ये कापूस विकला. खोली झाडली, जागा झाली म्हणून गादी मागे सरकवून भिंतीला टेकवली. त्या रात्री गाणं लावलं तर डग्गा घरभर घुमतोय, तंबोऱ्याचा खर्ज एका सुरावर धरून बसलाय आणि वरचा आवाज कानाला लागतोय. मला वाटलं, स्पीकर गेले. खरोखर एकाच्या कोनाभोवतीची, म्हणजे आवाज काढणाऱ्या पुढच्या पडद्याभोवतीची, फोमची कड भुगा होऊन पडतही होती. नागपूरच्या एका दुकानात गेले तेव्हा त्यांनी खोली विचारलीच नाही. साडेतीन फूट उंचीचे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर दाखवले आणि ‘खर्ज हवा तर मोठेच घ्या’ म्हणाले. मी आगाऊ रक्कम देणार होते. का कोण जाणे, आधी तुम्हाला फोन केला.

तुम्ही कंपनी विचारली नाही, वॅट विचारले नाहीत. विचारलं, ‘खोली केवढी हाय? अन् कापूस इकला काय?’

इकला म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, ‘अवं पोरी, डबा नाही बिघडला. तुह्या खोलीतला कापूस गेला. काही इकत घेऊ नोको, मी येतो.’

काका, बावीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवते. तीन फूट जाडीचा कापूस खालचा आवाजही शोषून घेतो, हे मला एका वाक्यात सांगणारे तुम्ही पहिले. घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस येतोय आणि त्या बाजूनं त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

रविवारी तुम्ही एसटीनं आलात, सतरंजीत गुंडाळलेल्या दोन पेट्या घेऊन. थांब्यापासून घरापर्यंत एक पेटी माझ्या मुलाकडे, दुसरी तुमच्या खांद्यावर. चहाच्या आधी खिशातून घड्याळाचा नव्हे, टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल काढलात. वायरीचं टोक स्पीकरला, दुसरं सेलला, क्षणभर टेकवायचं. धन लाल खुणेला लावलं की कोन पुढे यायला हवा. उजवा पुढे आला, डावा मागे गेला. म्हणजे एका डब्याच्या आतल्या वायरी कधीच्या उलट्या जोडलेल्या होत्या, आणि एक कोन ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा. दोन मिनिटांत तुम्ही ते सुधारलंत आणि मोबाइलवर बातम्या लावल्यात. बातम्या देणारी बाई इतकी वर्षं खोलीभर पसरलेली असायची, ती दोन डब्यांच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली.

मग टेप काढलात. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केलेलं ते गणित मी फाडून जपून ठेवलंय. आवाज सेकंदाला जितके फूट जातो त्याचा निम्मा आकडा म्हणजे ५६५, त्याला खोलीच्या फुटांनी भागायचं: १० फुटांना ५६, १२ फुटांना ४७, साडेनऊला ५९. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट ज्या कंपनसंख्येला बरोबर बसते, ती खोलीची स्वतःची कंपनसंख्या, सेकंदाला तेवढी कंपनं. तिथं आवाज घुमतो, आणि तिच्या दुपटीलाही घुमतो. ५६ ची दुप्पट ११३.

इथं मात्र मी तुम्हाला अडवलं होतं. काही गायिकांच्या मैफलीत तंबोरा घुमतो आणि काहींच्या नाही, असं का? तुम्ही हार्मोनियमवर सूर धरायला सांगितलात. काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी सा धरून, गाणारीच्या तंबोऱ्याचा खर्ज ११६ च्या आसपास पडतो, आमच्या ११३ च्या अगदी मांडीला मांडी लावून. काळी चारचा १०४ ला. खोलीच्या लांबीचा दुसरा घुमारा ९४ ला आणि रुंदीचा ११३ ला, त्यामुळे तो दोघांच्या मधून निसटतो. मी इतके दिवस त्या गायिकांच्या ध्वनिमुद्रणाला दोष देत होते. दोष माझ्या भिंतींचा होता.

आणि ही लाट भिंतीशी सगळ्यात जोरात असते. कापूस गेल्यावर मी गादी नेमकी तिथंच नेली होती.

तुम्ही खोली फिरवलीत. डबे आखूड भिंतीसमोर, दोन फूट पुढे, बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी अडीच फुटांवर. दोन्ही सारख्या अंतरावर असले की ५६ चा आडवा घुमारा एकमेकांना मारतो. आणि १० फुटांचा पाव म्हणजे अडीच फूट, तिथून ११३ ची लाट उठतच नाही. माझे कान मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. खोलीच्या बरोब्बर मध्यावर बसू नको, कारण तिथं लांबीचा खर्ज गायब होतो, हेही तुम्ही मला बसवून ऐकवलंत. एकच डबा चालू, मोबाइलवर ४७ चा सूर, आणि मी खोलीभर चालतेय: कोपऱ्यात छाती हादरते, मध्यावर आले की कुणी दार लावल्यासारखं शांत. एवढ्याने अर्धी तक्रार संपली. पैसा एकही लागला नाही.

जुन्या डब्यांची कड गेलीच होती, तेव्हा नवे हवेच होते. पण निवड आता निराळी होती. सतरंजीतल्या एका पेटीत तुमची स्वतःची जोडी, पाच इंची कोनाची, पूर्ण बंद डब्याची. दुसरीत वर्ध्याच्या तुमच्या दोस्ताकडून मागून आणलेली, साडेसहा इंची, मागे भोक असलेली. आधी मोठी लावलीत. पहिल्या पाच मिनिटांत मला तीच आवडली होती, हे कबूल करते. डग्गा भरदार होता. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं विलंबित लावलंत आणि तबला विसरून तंबोऱ्याकडे लक्ष दे म्हणालात. दहाव्या मिनिटाला मला थकवा आला. भोकात पायमोजा गुंडाळून कोंबलात तेव्हा सुधारलं, पण मोकळं वाटेना. मग तुमची छोटी जोडी, आणि गाणारी श्वास घेते तेसुद्धा ऐकू आलं.

कारण तुम्ही सांगितलंत ते मला आता तोंडपाठ आहे. भोकाचा डबा खाली बऱ्याच अंतरापर्यंत जोर धरतो आणि मग एकदम कोसळतो, सप्तकामागे २४ डेसिबलनं. बंद डबा लवकर उतरायला लागतो, पण हळू, सप्तकामागे १२ नं. आणि लहान खोली खालच्या आवाजाला स्वतःहून उचल देते. हळू उतरणारा डबा आणि उचल देणारी खोली एकमेकांना पुरे पडतात. मोठ्या दिवाणखान्यात हीच जोडी बारीक वाटली असती.

बीबीसीच्या त्या डब्याची गोष्ट तुम्ही चहा पिताना सांगितलीत. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून आवाज तपासायला इंजिनिअरांना छोटा डबा हवा होता, म्हणून १९७०च्या दशकात त्यांनी एलएस ३/५ए बनवला. जेमतेम फूटभर उंच, साडेसात इंच रुंद, बंद डबा, पाच इंची कोन केईएफ कंपनीचा. त्याचं मूळ आणखी मजेदार: सभागृहांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत आवाज कसा फिरतो हे तपासायला जो लहान स्पीकर वापरत, त्यातून तो पुढे आला. गाडीपेक्षा माझी खोली मोठीच आहे, मग मला साडेतीन फुटांचे कशाला?

मी शेवटी घेतली ती जोडी त्याच चालीची: बंद डबा, पाच इंची कोन, ८ ओहम, एका वॅटला मीटरभर अंतरावर ८६ डेसिबल आवाज, आणि कड फोमची नाही, रबराची. कंपनी मुद्दाम लिहीत नाही. खोली बदलली तर निवड बदलेल, आणि लोक नावच घेऊन बसतील. माझा ४० वॅटचा जुना ॲम्प्लिफायर त्याला पुरतो का, ही माझी भीती होती. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात, पण सहा फुटांवर गादी टाकून बसणारीला ४० सुद्धा पुष्कळ झाले, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं. मी आवाज अर्ध्यावरही नेत नाही.

स्टँडचं श्रेय निम्मं आमच्या गावच्या वेल्डरचं. दुकानात मिळतात ते २४ इंची, खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. मी मांडी घालून गादीवर बसते, माझे कान फरशीपासून ३१ इंचांवर. स्पीकरचा बारीक आवाजाचा भाग तळापासून १० इंचांवर, म्हणून स्टँड २१ इंचांचा. तीन इंची चौकोनी पाइप, वरखाली पत्रा. घराच्या बांधकामातली उरलेली रेती धुवून, पत्र्यावर दोन दिवस उन्हात वाळवून, पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळून आत भरली. आता पाइपवर टिचकी मारली तर मडक्यासारखा नाही, दगडासारखा आवाज येतो. स्पीकरखाली चार कोपऱ्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे. जमिनीवर बसण्याचा आणखी एक फायदा तुम्ही दाखवलात. छताची उंचीही दुप्पटीला ११९ वर घुमते, पण उंचीच्या पाव भागावर ती लाट मरते. साडेनऊ फुटांचा पाव म्हणजे साडेअठ्ठावीस इंच, माझ्या कानांच्या जवळपास.

कापसाची जागा भरून काढायला पिंजाऱ्याकडून रुईच्या सहा इंची गाद्या भरून घेतल्या आणि मागच्या दोन कोपऱ्यांत भिंतीपासून थोड्या सुट्या उभ्या केल्या. तुमची सतरंजी तुम्ही बाजूच्या भिंतीवर दुमडून टांगून गेलात आणि बजावलंत की ती फक्त वरचा चरचराट खाते, डग्ग्याला तिचा हात लागत नाही. तरी ती काढली की आवाजाला धार येते, मी काढून पाहिलंय.

विजेचं थोडक्यात. संध्याकाळी शेतातल्या पंपांच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज बसतं, त्याला स्टॅबिलायझर. गुणगुण होती ती अर्थिंग नसल्यानं. खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, उन्हाळ्यात पाणी घालते. आणि कापूस घरात असताना ॲम्प्लिफायर, स्टॅबिलायझर दोन्ही भिंतीपलीकडे ठेवायचे, हा तुमचा एकमेव हुकूम. भिंतीला भोक पाडून वायरी आणल्यात. कापसाजवळ ठिणगी नको, हे तर मलाच आधी सुचायला हवं होतं.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला तेव्हा एक गंमत तपासली. गरम हवेत आवाज जास्त वेगानं जातो, म्हणून तुमचा ५६५ चा आकडा ५८७ च्या घरात जातो आणि १० फुटांचा घुमारा ५६ वरून ५८-५९ वर. कूलर बंद करून, घामाघूम होऊन ऐकलं. फरक कानाला कळला असं म्हणवत नाही, पण खोलीसुद्धा उन्हाळ्यात सूर चढवते हे मुलांना वर्गात सांगताना फार आनंद झाला.

दोन खेपा केल्यात, पैसे घेतले नाहीत. पाच किलो तुरीची डाळ बळेच दिली, तीसुद्धा निम्मी शेजारी वाटलीत असं कळलं. तुम्ही गेल्यावर, पेट्यांतून काढून ठेवलेल्या कागदात एसटीचं सामानाचं तिकीट सापडलं. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नव्हतं. ते तिकीट त्या कॅलेंडरच्या पानाला टाचून ठेवलंय. तुम्हाला ते गणित करायला दहा मिनिटं लागली असतील, काका. मी त्यावर वर्षभर ऐकतेय.

यंदाचा कापूस आलाय. मागच्या भिंतीशी ढीग लागला आणि अपेक्षेप्रमाणे खर्ज थोडा बारीक झाला, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे डबे अर्धा फूट भिंतीकडे सरकवले. फरशीवर गेरूनं दोन खुणा केल्यात, एक कापूस असतानाची, एक कापूस गेल्यावरची. पहिल्या खुणेवरचं तुम्ही अजून ऐकलेलं नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी या, काकूंनाही आणा. ज्वारीला दाणा भरलाय, हुरडा होईल. तुमची छोटी जोडीही घेऊन या, दोन्ही शेजारी लावून ऐकू. सतरंजी तेव्हा परत देईन. आणि या वेळी सामानाचं तिकीट मी काढणार.

तुमची,
मास्तरीण